पूजेचं पुसायचं नसतं

शाळेच्या फाटकावर रोबोटिक्सचा बॅनर लागला तेव्हा शाळेत रोबोट तर सोडाच, साधा स्क्रू ड्रायव्हरही नव्हता. प्रयोगशाळेतला एकुलता एक होता, तो मोठ्या बाईंच्या केबिनचं कुलूप दुरुस्त करायला गेला आणि तिकडचाच झाला. बॅनर मात्र असा, की बोईसर-तारापूर रस्त्यावरचा रिक्षावाला मान वळवून बघेल. मधोमध संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी, ज्यांना अख्खी शाळा काकी म्हणते. शेजारी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आणि कोपऱ्यात कुठूनतरी उचललेला निळ्या डोळ्यांचा एक परदेशी पोरगा, हातात रोबोट घेऊन हसणारा. मला त्या बॅनरची पहिल्याच दिवशी शिसारी आली.

मी मोनाली. विज्ञान शिकवते. माहेर नगरकडचं, नवरा इथल्या वीज प्रकल्पात, म्हणून मी इथे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं स्टाफरूममध्ये म्हणतात आणि ते खोटं नाही. रोबोटिक्स माझ्या गळ्यात पडलं, कारण विज्ञानाच्या बाईंना रोबोट येतच असणार असा मोठ्या बाईंचा समज. टीम त्यांनीच निवडून दिली. एक दर्पण, काकींचा पुतण्या, पालघरजवळच्या माहीमच्या बागायतदार वाडीवाल्यांचा. दुसरा भाग्येश, बेटेगावहून येणारा. त्याचे वडील अध्यक्षांच्याच कारखान्यात कामाला. भाग्येश हुशार पोरगा, पण बोलायच्या आधी दर्पणच्या तोंडाकडे बघायची त्याला सवय. तिसरं कोण, ते ठरायचं होतं. मला सांगायचं आहे ते त्या तिसरीबद्दल.

भाविका तामोरे नववीत, नवापूरची. बापाची होडी, आई हंसा मासळी सुकवते आणि बोईसरच्या बाजारात विकते. पोरगी अंगाने काटक, आवाज थेट बाजारातला. तिने ‘हजर’ म्हटलं की शेजारच्या वर्गातल्या बाई दचकायच्या. गप्प बसणं तिला जमायचं नाही आणि खोटं बोलणं तर मुळीच नाही. गृहपाठ केला नसेल तर उभी राहून ‘केला नाय’ म्हणायची, वर कारणही द्यायची नाही. एकदा भर वर्गात मला म्हणाली, “मॅडम, तुमी काल ह्याच्या उलट शिकवलं व्हतं.” बघितलं तर तिचं बरोबर निघालं. मला तिचा राग आला आणि ती आवडली, दोन्ही एकदमच.

ती टीममध्ये आली ती शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभी असताना. आमचा रोबोट म्हणजे चाकं लावलेली एक चौकोनी थाळी. खाली अंथरलेल्या पांढऱ्या फ्लेक्सवर काळी रेघ, त्या रेघेवरून त्याने चालायचं, वाटेतला डबा चिमट्याने उचलायचा आणि पलीकडे नेऊन ठेवायचा. वळणावर तो दर वेळी तोंडावर पडत होता. खाली बसून बघायला दोघेही पोरगे तयार नव्हते, पँट मळते. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “नाक जड हाय त्याचं.” मी काही बोलायच्या आत भाविका आत आली, पोटावर आडवी झाली, बॅटरी काढून मागच्या टोकाला बांधली आणि बटण दाबलं. रोबोटने पुढची चाकं वर उचलली आणि तो पाठीवर पडला. दर्पण खदाखदा हसला. ती हसलीही नाही आणि ओशाळलीही नाही. “बरं, मंग थोडी पुढं,” म्हणाली. पुन्हा पडला. पुन्हा थोडी पुढं. शाळा सुटली, मुलं गेली, तरी ती पोटावरच. शेवटी रोबोट वळण घेऊन गेला तेव्हा ती उठली आणि कपड्यावरची धूळ न झटकता दप्तर घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव तिसरं म्हणून घातलं.

त्यावर मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. “घेतलंत ते ठीक आहे, मोनाली मॅडम. पण लॅबमध्ये जरा वासाचं बघा. दर्पणला त्रास होतो.” कसला वास, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायला लागत नाही, तीच तर त्यातली खरी घाण. नवापूरची मुलगी धुतलेले कपडे घालून, तेल लावून, वेणी घालून शाळेत आली तरी यांच्या नाकाला मासळीचाच वास येतो. संध्याकाळी यांच्याच घरी पापलेट तळतात, तेव्हा नाक कुठे ठेवतात कोण जाणे. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गुलाबाच्या वासाचा एक डबा येऊन लटकला. भाविकाने आत पाऊल टाकलं, हुंगलं आणि विचारलं, “मॅडम, कोन मेलंय का इथं?” मी तोंडावर रुमाल धरून हसले.

तिची एक सवय होती. सराव संपला की ती एक फडकं ओलं करून घट्ट पिळायची आणि रोबोटची चाकं, चिमटा, खालची पट्टी, टेबल, सगळं पुसून काढायची. मग कोरड्या फडक्याने पुन्हा. दोघे पोरगे तोवर फाटकाबाहेर वडापाव खात असायचे. मी एकदा म्हटलं, “अगं, राहू दे, उद्या पुसू.” तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला उष्ट्या हाताने देवाला शिवायला सांगितलं. “आमच्यात होडी धुतल्याबिगर घरी जात नाय,” म्हणाली. “मीठ खातं सगळं.”

तालुक्याच्या फेरीतून पुढे गेलो, तसं जिल्ह्याच्या स्पर्धेआधी शनिवारीही सराव ठेवायचा होता, म्हणून मी तिच्या आईला विचारायला नवापूरला गेले. हंसाताई बांबूंवर टांगलेले बोंबील उलटे करत होत्या. हात न थांबवता त्यांनी मला बसायला सांगितलं, कुठे ते मला कळलं नाही, म्हणून मी उभीच राहिले.

“काय करतो तो तुमचा रोबोट?” त्यांनी विचारलं.

“काळ्या रेघेवरून चालतो.”

“आनि मंग?”

“मग डबा उचलतो आणि दुसरीकडे ठेवतो.”

“एवढंच?” त्या थांबल्या. “त्याला मानूस नाय मिळत?”

भाविका मागून ओरडली, “आये, नाशिकला न्यायला लागतं जिंकल्यावर.” तेव्हा मला कळलं की या पोरीच्या मनात काय आहे. राज्याची स्पर्धा नाशिकला होती. ती पालघरच्या पलीकडे कधी गेली नव्हती आणि नाशिकला स्वतःच्या हाताने रोबोट चालवायचा एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. हंसाताईंनी तिच्याकडे बघितलं, बोंबलांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “जा. पन शनवारची मासळी मंग कोन बघल, ते तू तुझ्या बापाला सांग.” तिने ते बापाला सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे, पण शनिवारी ती सगळ्यांच्या आधी हजर.

मध्येच एक माणूस शाळेत येऊन गेला. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. म्हणाला, “तयार रोबोट मिळतो मॅडम, जिंकणारा. मुलांना फक्त दोन ओळी पाठ करून घ्यायच्या.” दर्पणचे डोळे चमकले. भाविकाने विचारलं, “मंग आपन काय करायचं? टाळ्या?” त्या माणसाला मी दारापर्यंत पोचवून आले, बोलत बोलत, आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण जिल्ह्याच्या स्पर्धेला पालघरला पोचल्यावर मला कळलं की बाकीच्या शाळांनी त्याला दारापर्यंत पोचवलं नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी काकी पूजा करायला आल्या. नवीन गाडीची करतात, यंत्राची करतात, तशी रोबोटची. मला पूजेचं काही नाही, मीही दसऱ्याला स्कूटीला हार घालते. पण फोटोवाला आला होता आणि काकींना फोटो हवा होता. पितळी ताटात कुंकू कालवलेलं, त्यात अक्षता, आणि त्या ताटात त्यांनी रोबोट सरळ बसवला. रोबोटच्या पोटाखाली दोन बारके सेन्सर असतात, त्याचे डोळेच ते. खालची काळी रेघ तेच बघतात. ते डोळे थेट ओल्या कुंकवात गेले. वरून नारळाचं पाणी शिंपडलं. फोटोवाला म्हणाला, “काकी, आणखी एकदा,” म्हणून आणखी एकदा. दर्पण ताट धरून पुढे, भाग्येश त्याच्या बाजूला. भाविकाला मोठ्या बाई म्हणाल्या, “तू जरा मागे हो, तुझे बूट दिसतायत.”

भाविकाचं लक्ष बुटांकडे नव्हतंच. ती फडकं ओलं करून घेऊन आली होती. फोटो संपल्यावर पुढे झाली, “मी पुसून घेते.”

मोठ्या बाईंनी तिचा हात धरला. “पूजेचं पुसायचं नसतं. अपशकुन होतो.”

“खाली डोळे हायेत त्याचे.”

“मॅडम, ती बरोबर सांगतेय,” मी म्हटलं. “सेन्सर बंद पडतील.”

“एवढ्याशा कुंकवाने काय होतंय?” मोठ्या बाई काकींकडे बघून हसल्या. काकीही हसल्या. “देवाचं आहे, चांगलंच होईल.” आणि रोबोट तसाच, लाल तळाचा, केबिनच्या कपाटात गेला. किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये. भाविका ते ओलं फडकं हातात घेऊन केबिनच्या दारात उभी होती, शाळेची बस निघून जाईपर्यंत.

पालघरच्या त्या सभागृहात मला जी किळस आली तिच्यापुढे आमच्या शाळेचं काहीच नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. प्रत्येक टेबलामागे एक बाप. मुलगा पुढे हात बांधून उभा, बाप लॅपटॉपवर. एक आई मुलाला ‘इनोव्हेशन’ हा शब्द घोटवून घेत होती, आणि पोरगं प्रत्येक वेळी नव्याने चुकत होतं. ओळखपत्रवाला माणूस टेबलाटेबलावर फिरत होता, मला बघून त्याने वाट बदलली.

आमची पहिली फेरी. मोठ्या बाईंनी रोबोटची पेटी सकाळी दर्पणकडे दिली होती, ती त्याने नाव पुकारल्यावरच उघडली. भाविकाने रोबोट रेघेवर ठेवला, बटण दाबलं. तो जागच्या जागी गोल फिरायला लागला, शेपटीमागे लागलेल्या कुत्र्यासारखा. फिरतच राहिला. परीक्षकांनी शून्य लिहिलं. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मोठ्यांनी रोबोटला हात लावायचा नाही हा नियम, म्हणून मी दोरीच्या अलीकडे. भाविकाने तो उलटा केला. एका डोळ्यात तांदळाचा दाणा रुतलेला, दुसऱ्यावर कुंकवाचं वाळून खपल्यासारखं झालेलं.

“पुसू नको,” दर्पण म्हणाला. “काकी म्हणाल्यात. पुसलंस तर मी सांगेन.”

“सांग,” भाविका म्हणाली. तिने पाण्याची बाटली उघडली, शर्टाचं टोक भिजवलं, पिळलं आणि डोळे साफ केले. नखाने दाणा काढला. भाग्येश टॉर्च धरून उभा होता, एवढं मात्र त्याने केलं. दुसऱ्या फेरीत रोबोट रेघेवरून गेला, डबा उचलला, पलीकडे ठेवला. पहिल्या फेरीचं शून्य धरूनही जिल्ह्यात तिसरे आलो, आणि तिसऱ्यापर्यंत नाशिकला पाठवतात. भाविकाचा तो आवाज त्या सभागृहाने ऐकला. मी तिला आवरलं नाही.

सोमवारी फाटकावर नवा बॅनर. दर्पण पुढे, भाग्येश मागे, भाविकाचा अर्धा खांदा. आणि मला केबिनमध्ये बोलावणं. काकी बसलेल्या, मोठ्या बाई उभ्या.

“पहिल्या फेरीत शून्य का आलं ते कळलं आम्हाला,” मोठ्या बाई म्हणाल्या. “ती मुलगी रोज रोबोटला पाणी लावते. मच्छीवाल्यांची सवय. दर्पणने तिथेही बघितलं. नाशिकला तिच्या जागी दुसरं कोणीतरी बघू.”

मी सगळं सांगितलं. ताट, कुंकू, तांदळाचा दाणा. माझा आवाज चढला असणार, कारण शिपाई आत डोकावून गेला. माझं संपल्यावर मोठ्या बाईंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे काकींच्या पूजेमुळे शून्य आलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“हो.”

भाग्येशला बोलावलं. टॉर्च त्याच्याच हातात होती, सगळं त्याने जवळून बघितलेलं. तो आधी दर्पणकडे बघायला वळला, दर्पण तिथे नव्हता, मग काकींकडे बघितलं. “मला नीट दिसलं नाही,” म्हणाला. त्याचे वडील कुठे कामाला आहेत ते मला माहीत होतं, म्हणून मी त्याला पुढे काही विचारलं नाही.

मग काकी बोलल्या, अगदी मायेने. “जाऊ दे. लेकरू आहे. तिने चूक कबूल करून माफी मागितली, तर येऊ दे नाशिकला. आपल्याला काय, मुलं पुढे जावीत.”

तो निरोप घेऊन मी नवापूरला गेले. खरं सांगते, मला वाटलं होतं हंसाताई पदर खोचतील आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन त्या केबिनचं छप्पर उडवतील. मला ते बघायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, टोपलीतलं सुकट चाळत. मग लेकीला म्हणाल्या, “माग माफी. बाजारात मी दिवसभर मागते. गिऱ्हाइकाचा पाय टोपलीत पडला तरी मीच मागते. तुझं काय जातंय?”

“मी केलंच नाय, आये.”

“केलं कुठं म्हनते मी? नाशकाला जायचंय का नाय?”

भाविका गप्प राहिली. ती गप्प राहिलेली मी पहिल्यांदाच बघितली. मी तिला सांगितलं की नको मागू, आपण दुसरा मार्ग काढू. कुठला मार्ग, ते तिने विचारलं नाही, आणि मलाही ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने माफी मागितली. मी तिथे नव्हते, मुद्दाम नव्हते. त्यानंतर सराव चालला तसाच, पण रोज शेवटचा तास मोठ्या बाई तिला आणि दर्पणला केबिनमध्ये नेत. सादरीकरणाची तयारी, म्हणे. मला त्यात बोलावत नव्हते. लॅबमध्ये भाविका काम करायची पूर्वीसारखंच, पण बडबड कमी झाली होती. मी एकदा वर्गात फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहिलं. तिने मान वर करून बघितलं आणि ते तसंच वहीत उतरवून घेतलं.

नाशिकला रोबोट छान चालला. दोन्ही फेऱ्या. मग सादरीकरण, तीन परीक्षकांसमोर. दर्पण पाठ केलेलं बोलला. मधल्या परीक्षकांनी, पिकल्या केसांचे एक सर होते, कागद चाळून विचारलं, “जिल्ह्याला पहिल्या फेरीत शून्य का?”

दर्पण अडखळला. तो बोलायच्या आत भाविका एक पाऊल पुढे आली. हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर हलकं हसू.

“सर, ती चूक माझी होती,” ती म्हणाली. एकही ‘हाय’ नाही, एकही ‘नाय’ नाही, बातम्या देणाऱ्या बाईसारखं शुद्ध. “मी अज्ञानामुळे रोबोट ओल्या फडक्याने पुसला होता. माझ्या मार्गदर्शकांनी मला माझी चूक समजावून सांगितली. त्यातून मी शिकले, की यश मिळवायचं असेल तर आधी आपली चूक स्वीकारायला हवी.”

सभागृहात टाळ्या वाजल्या. त्या सरांनी चष्मा काढला. “आज सकाळपासून इतक्या टीम बघितल्या,” ते म्हणाले, “इतकी प्रामाणिक मुलगी एकही नाही.” सादरीकरणाचं पहिलं बक्षीस आमच्या शाळेला मिळालं. काकींनी तिला जवळ ओढलं आणि फोटोसाठी स्वतःच्या शेजारी उभं केलं. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. त्या माणसांची किळस मला नवी नव्हती. हिच्या त्या हसण्याची आली, आणि ती आली म्हणून माझी मलाच लाज वाटली.

ती मला शोधत बाहेर आली. हातात प्रमाणपत्र, गालावर काकींनी लावलेला पेढा.

“बरोबर बोलले ना, मॅडम?”

मी नळ बंद केला.

“लय सोप्पं हाय ओ हे,” ती म्हणाली, पेढा पुसत. “मी आपली उगाच खरं सांगत बसायची.”